न्गोरोंगोरो आणि लोलियोंडो: मसाईंना त्यांच्याच कुरणांतून बाहेर काढलं जातंय

आरुषावासी

नमस्कार मंडळी,

इथल्या सफारीच्या धाग्यांवर न्गोरोंगोरोच्या विवराचे आणि सेरेंगेटीतल्या स्थलांतराचे फोटो नेहमी येतात. लाल शुका पांघरलेले, काठी टेकवून उभे असलेले मसाई पशुपालकही त्यात दिसतात. मी बरीच वर्षं उत्तर टांझानियात, आरुषात राहतो. या लोकांवर गेल्या काही वर्षांत काय चाललंय ते मराठीत नीट लिहिलेलं कुठे सापडलं नाही, म्हणून हा धागा.

थोडं मागे जावं लागेल. सेरेंगेटीचं मैदान ही मसाईंची चराईची जमीन. इंग्रजांना तिथे राष्ट्रीय उद्यान हवं होतं, आत माणसं नको होती. १९५८ साली १२ मसाई वडीलधाऱ्यांकडून एका कागदावर संमती घेतली गेली आणि मसाईंनी पश्चिमेचं सेरेंगेटी सोडलं. बदल्यात पूर्वेकडचा न्गोरोंगोरोचा सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख १९५९ मध्ये वेगळा काढला गेला. माणसं, गुरं आणि वन्यप्राणी तिथे एकत्र राहतील, असा कायदा झाला. हितसंबंधांची टक्कर झालीच तर माणसांच्या बाजूने निर्णय होईल, असा शब्द त्या वेळच्या गव्हर्नरने मसाईंच्या सभेत दिला होता. आज तिथले म्हातारे सरकारला या शब्दाची आठवण करून देतात. एकदा जमीन सोडून झाली, त्याबदल्यात मिळालेलीही आता सोडा म्हणतात, हे त्यांचं म्हणणं आहे.

शब्द मोडायला फार वर्षं लागली नाहीत. १९७४ मध्ये विवराच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना बाहेर काढलं. १९७५ मध्ये शेतीवर बंदी आली. मधली काही वर्षं ती उठली, मग पुन्हा लागू झाली. नुसत्या दुधावर घर चालत नाही. दुष्काळात गुरं मरतात तेव्हा घरामागचा मक्याचा तुकडाच पोट भरतो, आणि तो पेरणं गुन्हा.

आता लोलियोंडो. न्गोरोंगोरोच्या उत्तरेला, केनियाच्या सीमेला टेकलेला हा भाग. इथली जमीन गावांची आहे, उद्यानाची नाही. १९९२ साली इथल्या शिकारीचा परवाना संयुक्त अरब अमिरातीतल्या राजघराण्याशी संबंधित ओटरलो बिझनेस कॉर्पोरेशन या कंपनीला दिला गेला. तेव्हापासून सेरेंगेटीच्या कडेची १,५०० चौरस किलोमीटरची पट्टी गावांपासून तोडायचे प्रयत्न चालू आहेत. कोरड्या महिन्यांत पाणी आणि चारा असतो तो याच पट्टीत. २००९ मध्ये घरं जाळली. २०१३ मध्ये मंत्र्यांनी पट्टी घेण्याची घोषणा केली, लोक उठले, पंतप्रधानांना माघार घ्यावी लागली. २०१७ मध्ये पुन्हा घरं जाळली. जून २०२२ मध्ये शेकडो पोलीस आणि जवान सीमेचे खांब रोवायला आले. १० जूनला गोळीबार झाला, अनेक जण जखमी झाले, एक पोलीसही मारला गेला. जखमी माणसं उपचारासाठी सीमा ओलांडून केनियात गेली, कारण इकडच्या दवाखान्यात गेलं तर अटक होईल ही भीती. वीसहून अधिक लोकांवर खुनाचा खटला भरला. त्यातले काही निवडून आलेले स्थानिक पुढारी आदल्या दिवशीपासूनच पोलिसांच्या ताब्यात होते! नोव्हेंबरमध्ये ते खटले मागे घेतले गेले. पण तोवर पट्टीचं पोलोलेटी अभयारण्य झालं होतं. आत शिरलेली गुरं पकडतात, दंड भरला नाही तर लिलाव करतात.

हे सगळं निसर्गरक्षणाच्या नावाने चाललंय, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. गुरं चारायला बंदी, आणि शिकारीची परवानगी पैसेवाल्या पाहुण्यांना. यात कोणत्या प्राण्याचं रक्षण झालं?

चर्चा व्हावी. प्रश्न विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

मृण्मयी_ठाणे

धाग्यासाठी मनापासून आभार. एक शंका. आमचं येत्या फेब्रुवारीचं बुकिंग आहे, त्यामुळे सध्या बरंच वाचते आहे. न्गोरोंगोरोतून लोक स्वखुशीने जातायत, सरकार घरं बांधून देतंय, असं एका ठिकाणी वाचलं. त्यात तथ्य किती?

आरुषावासी

मृण्मयीताई, घरं बांधून दिली आहेत हे खरं. टांगा प्रांतात हांडेनी जिल्ह्यात म्सोमेरा नावाचं गाव आहे, न्गोरोंगोरोपासून सुमारे ६०० किलोमीटरवर. २०२२ पासून तिथे एकसारखी तीन खोल्यांची घरं उभी राहिली. ८० हजारांहून जास्त लोकांना हलवायचा बेत आहे.

स्वखुशीचं म्हणाल तर ती कशी तयार केली ते पाहा. २०२२ पासून न्गोरोंगोरोतल्या शाळांचा निधी हांडेनीकडे वळवला. एंडुलेनचं रुग्णालय तिथल्या लोकांचा मोठा आधार होतं, तिथल्या सेवा कमी झाल्या. दुर्गम वस्त्यांवर विमानाने जाणारी वैद्यकीय सेवा थांबवली. शौचालय बांधायला किंवा गळकं छप्पर दुरुस्त करायलाही परवाना लागतो आणि तो मिळत नाही. बाळंतिणीला दवाखाना नाही, पोरांना शाळा नाही, मग एक दिवस अधिकारी येऊन विचारतो, जायचंय का? हो म्हणणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्याला लेकरं आहेत. पण याला संमती म्हणायचं नाही.

तिकडे म्सोमेरात आधीपासून माणसं राहत होती, त्यांची गुरं होती. त्यांना न विचारता त्यांच्या जमिनीवर ही घरं बांधली. दोन गरिबांमध्ये भांडण लावून दिलं. ह्युमन राइट्स वॉचने जुलै २०२४ च्या अहवालात दोन्ही बाजूंच्या लोकांच्या मुलाखती घेऊन हे मांडलंय. शिवाय एका कुटुंबाला एक घर हा हिशोब मसाईंच्या घराला लागू पडत नाही. त्यांच्या एन्कांगमध्ये, म्हणजे काटेरी कुंपणाच्या वाड्यात, प्रत्येक बायकोचं वेगळं घर असतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने बांधलेलं असतं. सरकारी घर कुटुंबप्रमुखाच्या नावावर. बायका यात कुठेच नाहीत.

वनराई

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. ताडोबा-पेंचला स्वयंसेवक म्हणून वर्षानुवर्षं जातो, त्यामुळे चराईने जंगलाचं काय होतं ते पाहिलेलं आहे. न्गोरोंगोरोत १९५९ ला ८ हजारांच्या आसपास लोक होते, आता लाखाच्या घरात आहेत. गुरं, शेळ्या, मेंढ्या वेगळ्याच. कुठलीही जमीन किती भार सोसणार? जागतिक वारसा स्थळ आहे ते. माणसाला दुसरीकडे घर देता येतं, काळ्या गेंड्याला देता येत नाही. सरकारची पद्धत चुकली असेल, पण मूळ प्रश्न खोटा आहे का?

गोठ्यातला_डॉक्टर

वनराई, पशुवैद्यक म्हणून यात दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण इथे गुरं आणि हरणं यांचं नातं आपण समजतो त्याहून खोल आहे.

पहिली गोष्ट गुरांच्या बुळकांडी रोगाची. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव सांगितलं तरी अंगावर काटा येतो. १८९० च्या दशकात हा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला आणि मसाईंची बहुतेक गुरं मेली. पाठोपाठ देवी आणि उपासमार. तो काळ ते आजही एमुताई म्हणून सांगतात, म्हणजे सगळं संपण्याचा काळ. माणसं आणि गुरं नाहीशी झालेली ती मोकळी मैदानं पाहून पुढे आलेल्या गोऱ्यांना वाटलं की ही जमीन कायमच निर्मनुष्य होती. रोग वन्यप्राण्यांतही मुरला होता, विल्डबीस्टची, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांची, वासरं त्याने मरायची. १९५० आणि ६० च्या दशकांत सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली आणि वन्यप्राण्यांतला रोग आपोआप हटला. १९६० च्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस १३ लाखांच्या घरात गेले. लस वन्यप्राण्यांना टोचलीच नव्हती! पशुपालकांनी आपली जनावरं लसीकरणाला आणली, म्हणून ते मोठं स्थलांतर आज टीव्हीवर दिसतं.

दुसरी गोष्ट. जानेवारी ते मार्च विल्डबीस्ट आखूड गवताच्या मैदानावर वितात. त्यांच्या वासरांमधून गुरांना एक विषाणूजन्य ताप लागतो. विल्डबीस्टला काही होत नाही, गाय बहुधा वाचत नाही. त्यावर वापरात असलेला खात्रीचा इलाज नाही. म्हणून मसाई त्या दिवसांत मैदानातलं उत्तम गवत सोडून गुरं डोंगरावर नेतात. ऐन हंगामात सगळ्यात चांगलं कुरण हरणांसाठी मोकळं राहतं. हे कोणत्याही अधिकाऱ्याने आखून दिलेलं नाही. पण त्यासाठी डोंगरावरची जागा हाताशी हवी. तीच बंद केली तर गुरं आणि विल्डबीस्ट एकाच गवतावर येतील, आणि मग आपणच म्हणू की यांची गर्दी झाली.

आरुषावासी

डॉक्टर, हे फार मोलाचं लिहिलंत.

वनराई, रागाचा प्रश्नच नाही. लोकसंख्या वाढली हे खरं. टांझानियाचीही वाढली: १९६७ च्या जनगणनेत १ कोटी २३ लाख, २०२२ मध्ये ६ कोटी १७ लाख. पश्चिमेच्या सेरेंगेटीतून आलेल्या लोकांना इथेच बसवलं, पुढे लोलियोंडोची पट्टीही गेली. जागा कमी करत जायचं आणि मग दाटी झाली म्हणून बोट दाखवायचं, हे मला पटत नाही. विवराच्या कडेवर हॉटेलं उभी आहेत. त्यांचं पाणी, त्यांचा कचरा, दिवसभर विवरात उतरणाऱ्या गाड्या, यांच्या भाराबद्दल कुणी ६०० किलोमीटर दूर जायला सांगत नाही.

आणि चराईला नियम नव्हते असं नाही. घराजवळचं ओलोपोलोली म्हणजे वासरांसाठी आणि आजारी जनावरांसाठी राखलेलं कुरण. कोणत्या महिन्यात कुठलं पाणी उघडायचं, हे वडीलधारे आणि ओलाइग्वनानी म्हणजे त्यांचे पुढारी बसून ठरवतात. संख्येवर मर्यादा घालायची असेल तर ती या लोकांबरोबर बसून घालता येते. पण त्यांना बैठकीत खुर्चीच नाही.

अॅडव्होकेट_सुनेत्रा

कायद्याच्या बाजूने थोडं. टांझानियात जमिनीचे तीन प्रकार आहेत: सर्वसाधारण, राखीव आणि ग्रामजमीन. १९९९ च्या ग्रामजमीन कायद्यानुसार गावाच्या जमिनीचा कारभार ग्रामपरिषदेकडे आणि ग्रामसभेकडे असतो. म्हणजे कागदावर लोलियोंडोच्या गावांची बाजू भक्कम आहे. सरकार म्हणतं की तो भाग इंग्रजांच्या काळापासून शिकार-नियंत्रित क्षेत्र आहे. पण अशा क्षेत्रात पूर्वी फक्त शिकारीवर नियंत्रण होतं, राहण्या-चारण्यावर नव्हतं. २००९ च्या वन्यजीव कायद्याने अर्थ पालटला आणि तिथली चराईच गुन्हा ठरू लागली.

ओलोलोसोक्वान आणि आणखी तीन गावं २०१७ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेली. २०१८ मध्ये हुसकावणी थांबवण्याचा अंतरिम आदेश मिळाला. तो आदेश असतानाच २०२२ चे खांब रोवले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये दावा फेटाळला, कारण जाळलेली घरं उद्यानाबाहेर गावाच्या हद्दीत होती हे पुराव्याने सिद्ध झालं नाही म्हणे. घर जळून गेल्यावर ते नेमकं कुठे होतं याचा नकाशा त्याच माणसाने आणायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील पीठाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी सांगितली.

शेजारच्या केनियात वेगळं उदाहरण आहे. एंडोरोइस हे बोगोरिया सरोवराकाठचे पशुपालक. १९७० च्या दशकात अभयारण्यासाठी त्यांना काढलं. २०१० मध्ये आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने त्यांचा हक्क मान्य केला, जमीन परत द्या म्हणून सांगितलं. अंमलबजावणी रखडली, पण कागदी दस्तऐवज नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर म्हणजे मालकी, हे तत्त्व तिथे प्रस्थापित झालं.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अभयारण्यातून हलवायचं तर सहजीवन शक्य नाही हे आधी सिद्ध करावं लागतं आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. किती ठिकाणी पाळलं जातं हा वेगळा धागा होईल.

कोयनाकाठ

सुनेत्राताई, तो धागा काढाच. मी गवळी-धनगर. आमचा वाडा कोयनेच्या वरच्या अंगाला होता. आधी धरणाने खालची जमीन घेतली, मग वर अभयारण्य आलं. आमच्या म्हशी कारवीच्या रानात चरायच्या, तूप डोक्यावरून घाट उतरून चिपळूणच्या बाजारात जायचं. पुनर्वसनात जमीन मिळाली ती शेतकऱ्याच्या हिशोबाची, एवढे गुंठे, एवढं घर. म्हशींचं काय, हे त्या फॉर्मात कुठेच नव्हतं. दोन वर्षांत म्हशी विकल्या आणि पोरं मुंबईला हॉटेलात लागली. आजी शेवटपर्यंत पिशवीतलं दूध प्यायली नाही.

म्सोमेराच्या तीन खोल्यांच्या घराबद्दल वाचलं आणि लगेच कळलं काय होणार ते. पशुपालकाला घर नंतर, चारा आधी. तो कुठे, किती, कोणत्या महिन्यात, हे ज्याने विचारलं नाही त्याने पुनर्वसन केलेलं नाही.

वनराई

कोयनाकाठ, तुमचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं. माझी काळजी कायम आहे, काही जागा गुरांविना असाव्यात असं मला वाटतंच. पण सेरेंगेटीचे जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर त्यासाठी आधीच दिलेले आहेत, आणि ते याच लोकांनी दिलेले आहेत, हा मुद्दा मला टाळता येणार नाही. आरुषावासी, हे थांबवण्याचा खरोखर काही मार्ग दिसतो का? की सगळं ठरलेलंच आहे?

आरुषावासी

ठरलेलं नाही, आणि हे थांबवलेलंही आहे, तिथल्याच लोकांनी. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने एका अधिसूचनेने न्गोरोंगोरोतले ११ वॉर्ड, २५ गावं आणि ९६ वस्त्या नोंदीतून काढून टाकल्या. म्हणजे गावच नाही, मग मतदानही नाही, आणि स्थानिक निवडणुका नोव्हेंबरमध्ये होत्या. १८ ऑगस्टला हजारो मसाई, त्यात बायका पुढे, सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर येऊन बसले. पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली. हातात गवताच्या जुड्या होत्या, मसाईंमध्ये ती शांततेची खूण. चार दिवसांत आरुषाच्या उच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली आणि सरकारने गावं परत नोंदवली. १ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन आरुषात मसाई पुढाऱ्यांना भेटल्या आणि जमिनीच्या वादावर व स्थलांतरावर दोन आयोग नेमायचं जाहीर केलं. पुढच्या फेब्रुवारीत ते नेमले. आयोगाने प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही, पण दोन वर्षं जे सरकार भेटायलाही तयार नव्हतं ते भेटलं.

बाहेरून येणारा पैसाही हलला. दक्षिणेकडच्या रुआहा उद्यानाभोवती पशुपालकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारींनंतर जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरच्या प्रकल्पाचा निधी एप्रिल २०२४ मध्ये थांबवला, आणि वर्ष संपण्याआधी तो प्रकल्प रद्दच झाला. त्या तक्रारी गावकऱ्यांनीच केल्या होत्या.

मृण्मयी_ठाणे

मग आमच्यासारख्यांनी जावं की नाही? तिकिटाचे पैसे भरलेत, पण हे वाचून मन खात नाही असं कसं म्हणू.

आरुषावासी

ताई, जाऊ नका असं मी सांगणार नाही. माझ्या ओळखीतले किती तरी मसाई गाइड आणि चालक म्हणून पोट भरतात. पण जाताना डोळे उघडे ठेवून जा. आयोजकांना लेखी विचारा: लोलियोंडोच्या बाजूला कुठे मुक्काम आहे का, आणि असेल तर ती जमीन कोणाची, गावाशी करार झालाय का? आपण देतो त्या पैशातला कोणता भाग गावाकडे जातो? मसाई वस्ती दाखवणार असाल तर ती कुठली, आणि पैसे त्या बायकांच्या हातात पडतात का? असे प्रश्न भारतातून फार कमी येतात. युरोपातल्या पर्यटकांकडून येतात तेव्हा इथल्या कंपन्या उत्तरं तयार ठेवतात, हे मी जवळून पाहतो. गुजराती आणि मराठी गट आता मोठ्या संख्येने येतायत, त्यामुळे आपल्या प्रश्नाला वजन आहे.

एक विनंती. तिथे गेल्यावर कुणा मसाईला जमिनीबद्दल उघड्यावर प्रश्न विचारू नका, कॅमेरा तर मुळीच धरू नका. बोलल्याबद्दल लोकांना अटक झालेली आहे. तुम्ही विमानात बसून निघून जाल, तो तिथेच राहणार आहे.

कोयनाकाठ

हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्याकडेही पत्रकार येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी कोण येतं ते आम्हाला माहीत आहे.

मृण्मयी_ठाणे

प्रश्न आजच पाठवले. गटात आम्ही १४ जण आहोत, सगळ्यांच्या नावाने पाठवले. आयोजकांचं उत्तर आलं की इथे टाकते. सुनेत्राताई, वनहक्क कायद्याचा धागा काढाल तेव्हा दुवा द्या.